मावशींचा डावा हात

मावशींना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते दवाखान्याच्या बाकावर. नीट म्हणते, कारण तशा त्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या आणि जिन्यात रोज गाठ पडायची. पण जिन्यात भेटणाऱ्या माणसांना आपण त्यांच्या हातातल्या पिशवीवरून ओळखतो, तोंडाकडे बघतोच असं नाही. त्या दिवशी माझा नंबर सतरा होता आणि आत अजून सहावा पेशंट बोलत होता. बाजूला मावशी बसल्या होत्या, रक्तदाब तपासून घ्यायला आलेल्या. वेळ घालवायला मी त्यांच्या कपड्यांकडे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत आहे आणि डाव्याची थेट मनगटापर्यंत. शिंप्याची चूक म्हणावी, तर डाव्या मनगटाला व्यवस्थित बटण होतं.

तेवढ्यात माझ्या मांडीवरच्या पर्सवर एक डास येऊन बसला. मी हात उचलला, तर मावशींनी माझं मनगट धरलं.

"थांबा बाई. नर आहे तो."

मी विचारलं, कसं ओळखलं? त्यांनी बोटानं दाखवलं. त्याच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार होत्या. "त्याला चावता येत नाही. फुलातला रस पिऊन जगतो बिचारा. मार मात्र बायकोच्या नावानं खातो."

मी हसले. डास उडून गेला. जरा वेळानं दुसरा एक माझ्या घोट्याजवळ घुटमळायला लागला. मी थांबले, म्हटलं यांचं काय म्हणणं आहे बघू. मावशी खाली वाकल्या आणि असा काही फटका मारला की औषधं देणारा खिडकीतून डोकावला.

"ही बायको," मावशी म्हणाल्या आणि रुमालाला बोट पुसलं.

त्या आमच्याच रस्त्याच्या टोकाला असलेल्या सरकारी संशोधन कचेरीत कामाला होत्या. कचेरीला मोठं लांबलचक नाव होतं, पण आसपासचे सगळे तिला डासघर म्हणायचे. तिथे डास पाळतात, त्यांच्यावर औषधं तपासतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. मावशी तिथे मदतनीस होत्या, एकोणीस वर्षं. कागदावर कामाचं स्वरूप "देखभाल" असं होतं. खरं काम वेगळं होतं, आणि ते त्यांनी मला त्याच बाकावर सांगितलं, अगदी आपण कुंड्यांना पाणी घालतो म्हणावं तशा सुरात. डासांच्या मादीला रक्त मिळाल्याशिवाय अंडी धरत नाहीत. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मावशी पिंजऱ्यात डावा हात घालून दहा मिनिटं बसायच्या.

इमारतीतली पोरं त्यांना मागून डासांची आई म्हणायची. मावशींना ते माहीत होतं. एकदा मी पोरांना रागावले, तर मावशी म्हणाल्या, खोटं कुठे बोलतात ती?

त्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मला मुलीचा फोटो दाखवला आणि मी उडालेच. ती माझी विद्यार्थिनी होती, पाचवीतली. गणितात पक्की, बोलायला कमी, आणि चुकीचं उत्तर दिलं तर रडण्याऐवजी पुन्हा पहिल्या पायरीपासून करून बघणारी. पाचवीत असतानाच तिचा धाकटा भाऊ गेला होता. दुसरीत होता. डासांमुळे होणारा ताप, चार दिवसांत खेळ आटोपला. पुढच्या आठवड्यात ती शाळेत आली, मी दिलेले दहा भागाकार तिने बरोबर सोडवले, आणि मधल्या सुट्टीत दुसरीच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी तिला तिथून आणायला गेले होते. ते मी विसरलेले नाही.

अशी मुलगी डासांच्या आईची सून झाली. लोकांनी कुजबुज केली, पण दोघींचं छान जमलं. सून छापखान्यात मुद्रितं तपासते, मावशी अळ्या मोजतात. दोघींनाही बारीक बघण्याची सवय. मावशींनी लग्नाआधीच तिला कचेरीतलं सगळं समजावून सांगितलं होतं. तिनेही नीट ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की कचेरीचे कपडे घरी आणू नका. मावशी त्या दिवसापासून कपडे तिथेच बदलायला लागल्या.

मग नात झाली. तिला सगळे चिंगी म्हणतात.

चिंगी दोन महिन्यांची असताना ती गोष्ट घडली. दुपारची वेळ. मावशी पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, चिंगी जागी होती आणि आजी तिला काहीतरी सांगत होती. घरात उकडत होतं म्हणून डावी बाही वर सारलेली. सून दूध घेऊन आली आणि दारातच थांबली. मावशींच्या डाव्या हातावर एक डास बसला होता. चांगला फुगला होता. मावशी बोलत होत्या, हसत होत्या, आणि हात तसाच पाळण्याच्या कडेवर होता, जरासुद्धा न हलता. पोट भरल्यावर डास उठला, जडपणे उडाला आणि भिंतीवर जाऊन बसला. सुनेनं दुधाची बाटली खाली ठेवली, डास मारला, भिंतीवरचा लाल डाग बघितला आणि चिंगीला उचलून आतल्या खोलीत नेलं.

संध्याकाळी मुलाकरवी निरोप आला की आईंनी चिंगीला घेऊ नये. मुलगा बिचारा आई आणि बायको यांच्या मधल्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टसारखा. त्यानं निरोप सांगितला आणि कामाला निघून गेला.

मावशी माझ्याकडे आल्या. त्या रडल्या नाहीत; त्यांचा तो स्वभाव नाही. त्यांनी आधी माझ्या पाण्याच्या पिंपावर झाकण नीट बसलंय का ते बघितलं, मग खुर्चीत बसल्या. सुनेची रजा आणखी पाच महिन्यांनी संपणार होती. त्यानंतर दुपारभर चिंगीला मावशींनी सांभाळायचं असं बाळंतपणाआधीच ठरलं होतं. मावशींनी त्यासाठी कचेरीतून अर्ध्या वेळेची परवानगीही मागून ठेवली होती. आता पाळणाघराचं बोलणं चालू होतं.

"तुमचं ती ऐकेल," मावशी म्हणाल्या. "तुम्ही तिच्या बाई. तिला वाटतंय माझ्या हातातून रोग जाईल. तिला जरा समजावा."

मी म्हटलं, समजावते, पण आधी मला समजू द्या. जे मी पाहिलेलं नाही ते मी वर्गात कधी शिकवलं नाही.

डासघर चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला एका शुक्रवारी यायची परवानगी दिली. दोन दारं, मध्ये जाळीचा पडदा. आत गेल्यावर ओलसर उष्ण हवा अंगाला चिकटली आणि अळ्यांना घालतात त्या माशांच्या खाद्याचा वास आला. एका बाजूला पांढऱ्या पसरट ताटल्यांमध्ये पाणी होतं आणि पाण्याला खालून टांगल्यासारख्या अळ्या. माझी सावली पडली तशा सगळ्या वळवळत तळाशी गेल्या, मास्तर आल्यावर वर्ग शांत होतो तशा. दुसऱ्या बाजूला जाळीचे चौकोनी पिंजरे. प्रत्येक पिंजऱ्याला पुढे कापडाची एक मोकळी बाही, गाठ मारलेली. आत साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापूस, तो नरांचा.

मावशींनी हात साबण न लावता धुतला, आपल्या रुमालानं कोरडा केला, रुमाल पिंजऱ्यावर टाकला, गाठ सोडली आणि हात आत घातला. अर्ध्या मिनिटात तो हात काळा ठिपकेदार झाला. मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत माझ्याशी जिन्यातल्या दिव्याबद्दल बोलत होत्या, तो दिवा कोण बदलणार याबद्दल. हळूहळू एकेका डासाचं पोट डाळिंबाच्या दाण्यासारखं भरत गेलं.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"पहिली तीन वर्षं हात सुजायचा. खाजून जीव नकोसा व्हायचा. मग हाताला कळेनासंच झालं. बहिरा झाला म्हणा."

पलीकडच्या खोलीत गोचिडांचं काम चालतं. तिथले मदतनीस, त्यांना सगळे गोचीडकाका म्हणतात, दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, मावशींचं नशीब थोर. यांच्या पाहुण्या दहा मिनिटांत जेवून उठतात, आमच्या एकदा बसल्या की आठ दिवस हलत नाहीत. मावशी म्हणाल्या, तुमच्या पाहुण्या सशाकडे जेवतात, तुमच्याकडे नाही, उगीच मोठेपणा सांगू नका.

मग मावशींनी मला ती गोष्ट सांगितली जी समजून घ्यायला मी आले होते. डास ताप घेऊन जन्माला येत नाही. ताप माणसाच्या रक्तात असतो. डासाची मादी तो एकाकडून उचलते आणि दुसऱ्याला देते. या पिंजऱ्यातल्या डासांच्या कितीतरी पिढ्या मावशींशिवाय दुसऱ्या कुणाला चावलेल्या नव्हत्या, आणि मावशींचं रक्त दर महिन्याला तपासलं जायचं. "मला ताप नाही, मग यांना कुठून येणार? बदनाम हे झाले, पण माल आपला आहे."

कचेरीच्या मागच्या अंगणात सिमेंटच्या बारा टाक्या होत्या. तिथे डॉक्टरीणबाईंचा चार वर्षांचा एक प्रयोग चालू होता. सहा टाक्यांत डासांच्या अळ्या राहू द्यायच्या आणि त्यांचे डास होण्याआधी जाळी लावायची. उरलेल्या सहांतून अळ्या रोज गाळणीनं काढून टाकायच्या. बाकी पाणी, पाला, ऊन सगळं सारखं. प्रश्न साधा होता: डास नसले तर कुणाचं अडतं? मावशींनी मला दोन टाक्या शेजारी शेजारी दाखवल्या. अळ्या काढलेल्या टाकीतलं पाणी हिरवं, दाट झालं होतं. अळ्या सतत पाण्यातला गाळ आणि शेवाळ्याचे कण खात असतात, ते तिथे कुणी खाल्लं नव्हतं. दुसऱ्या टाकीचा तळ दिसत होता आणि तळाशी चतुरांची पिल्लं दबा धरून बसली होती. ती एकेक अळी पकडत होती. चतुरांमागे बेडूक येतात, बेडकांमागे बगळे. कचेरीच्या छताखाली पाकोळ्यांची घरटी होती, त्या रोज संध्याकाळी अंगणावरून अगदी खालून उडत जायच्या आणि उडणारं जे मिळेल ते गिळायच्या.

मी शाळेत अन्नसाखळी शिकवली होती. फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार असे बाण काढायचे. त्या साखळीत मी तीस वर्षांत एकदाही डास काढला नव्हता. हे मी मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही चॉकलेट खाता ना? ज्या झाडाच्या बियांचं ते करतात, त्याच्या फुलात शिरतात ती चिलटं. चावऱ्या चिलटांचीच भावकी. ती नसतील तर बी धरत नाही, असं डॉक्टरीणबाई सांगतात." गोचीडकाकांनी मागून विचारलं, आणि गुरांच्या पाठीवरच्या पक्ष्यांनी गोचीड सोडून काय खायचं?

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, मग डास मारायचे की नाहीत? त्या म्हणाल्या, घरातले आणि घराजवळचे मारायचेच, त्यात वादच नाही. डासांच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत, माणसाला रोग देणाऱ्या त्यातल्या थोड्या. सगळ्याच गेल्या तर काय होईल ते कुणालाच ठाम सांगता येत नाही. काहीतरी बिघडेल, काहीतरी दुसरं त्या जागी येईल. चार वर्षं टाक्या बघून आपल्याला एवढंच म्हणता येतं, असं त्या म्हणाल्या. मला त्यांचं ते "एवढंच" आवडलं.

एवढी तयारी करून मी सुनेकडे गेले. चिंगी झोपली होती. मी सगळं सांगितलं, पिंजरे, रक्ततपासणी, आजाराचं मूळ. तिने पाचवीत ऐकायची तसं ऐकलं, मान किंचित कलती ठेवून. माझं संपल्यावर म्हणाली:

"बाई, कचेरीतले डास निरोगी आहेत हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. मला त्यांची भीती नाही. त्या दिवशी बसला तो बाहेरचा होता. आधी तो कुणाला चावून आला होता, मला माहीत नाही, आईंनाही नाही. तिथून उठून तो पाळण्यात गेला असता. आईंना कळलंसुद्धा नसतं."

तिने पाळण्यात एकदा डोकावून बघितलं.

"मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण ज्या हाताला कळत नाही, त्या हातात मी मुलगी देणार नाही. गणितात तुम्ही मला कधी सूट दिली नव्हती."

मी बाहेर आले. मावशी जिन्यातच थांबल्या होत्या. आमच्यात काय बोलणं झालं ते मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, कारण मध्ये बसणाऱ्या माणसानं शब्द बदलले की दोन्हीकडचं नुकसान होतं. मावशी पायरीवर बसल्या. बाहीचं बटण काढलं, लावलं.

"बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "मी रोगाचा विचार करत बसले. हाताचा केलाच नाही."

सोमवारी त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की त्यांना पिंजऱ्यात हात घालणं थांबवायचं आहे. हे सोपं नव्हतं. त्या डासांचा वंश अकरा वर्षं जपलेला होता. नव्या औषधांच्या तपासण्या त्यांच्यावर चालायच्या आणि आधीचे सगळे आकडे त्याच वंशाचे होते. रक्त पाजायचं एक यंत्र कचेरीत होतं: काचेची वाटी, तोंडावर ताणून बसवलेलं पातळ कातडं, आत कत्तलखान्यातून आणलेलं रक्त आणि भोवती कोमट पाण्याची नळी. दुसऱ्या खोलीतले डास त्यातून मजेत प्यायचे. मावशींचे डास मात्र त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हते. दोनदा प्रयत्न करून झाला होता. अंडी मिळाली नाहीत की महिना-दीड महिन्यात वंश संपणार. गोचीडकाकांनी उदार होऊन आपला हात पुढे केला. तो कोपरापर्यंत सुजला आणि तीन दिवस त्यांना सशांच्या पिंजऱ्याची कडीही काढता येईना. हात दाखवून अवलक्षण, असं मावशी त्यांना म्हणाल्या, पण त्यांच्या घरी भाजी चिरायला दोन दिवस स्वतः गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी आग्रह केला नाही. म्हणाल्या, मावशी, हात तुमचा आहे, मी काय सांगणार. मावशी मला म्हणाल्या, बाई, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी ताडकन नोकरी सोडली असती. अकरा वर्षं ज्यांना पोसलं त्यांना असंच मरू द्यायचं का? इकडे नात, तिकडे हे.

त्यांनी पाच महिने मागून घेतले. एक पिंजरा हातावर चालू ठेवायचा, दुसऱ्याला यंत्राची सवय लावायची. मी म्हटलं, डासांना शिकवणार? मावशी म्हणाल्या, तुम्ही आमच्या इमारतीतल्या पोरांना शिकवलंत, त्यामानानं हे सोपं.

पहिले तीन आठवडे काही झालं नाही. मावशींनी पाणी गरम करून बघितलं, वाटी आडवी करून बघितली, खोलीत अंधार करून बघितला. दोनशे माद्यांपैकी एकही वाटीवर बसली नाही. मग एका मंगळवारी हातावरचा पिंजरा आटोपून त्या यंत्राच्या पिंजऱ्याकडे वळल्या आणि चुकून आपला रुमाल त्याच्यावर टाकला. जरा वेळानं बघतात तर रुमालाच्या खाली, आतल्या बाजूनं, जाळीला माद्या चिकटून बसलेल्या आणि सोंड बाहेर काढायची खटपट चाललेली. रक्त तर तिथे नव्हतंच. त्यांना मावशींच्या हाताचा वास हवा होता.

मावशींनी तलम कापडाची पट्टी दिवसभर डाव्या हाताला बांधून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ती वाटीवर ताणून बसवली. दोनशेपैकी अकरा जणी प्यायल्या. ती संध्याकाळ मला आठवते. मावशी वरच्या मजल्यावर फक्त तो आकडा सांगायला आल्या. म्हणाल्या, "अकरा." आणि खाली गेल्या.

त्या अकरांच्या मुली मोठ्या झाल्या तेव्हा त्यांच्यातला चौथा हिस्सा वाटीवर बसला. त्यांच्या मुलींत निम्म्या. मी मावशींचं अभिनंदन केलं, म्हटलं शेवटी शिकवलंतच. त्यांनी मान हलवली. "कुणी काही शिकलं नाही बाई. ज्या प्यायल्या त्यांच्याच लेकी जन्माला आल्या. नाही प्यायल्या त्या गेल्या." चार महिने आणि काही दिवसांनी पट्टीसुद्धा लागेनाशी झाली. मावशींनी हातावरचा पिंजरा बंद केला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मागच्या अंगणात टाक्यांचं काम दिलं.

मला वाटलं, आता झालं. मावशींनाही वाटलं. त्यांनी घरी जाऊन सांगितलं आणि सुनेनं मान डोलावली, पाणी दिलं, खरोखर आनंदानं म्हणाली की बरं झालं. पण चिंगीला दिलं नाही. हात अजून बहिराच होता. टाक्यांवर काम करताना डास चावायचे आणि मावशींना पत्ता नसायचा. घरी आल्यावर सून त्यांचा हात उजेडात धरून बघायची आणि तिला बारीक ठिपके दिसायचे. दोघी एकमेकींशी खोटं बोलल्या नाहीत एवढं खरं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की चावणं कमी झालं तर काही महिन्यांत हाताला पुन्हा कळू लागेल, किंवा कदाचित लागणारही नाही. डास बसू नयेत म्हणून हातापायाला लावायला त्यांनी एक मलम दिलं. मावशी ते नेमानं लावत होत्या.

सुनेची रजा संपली. दुपारी दोन ते आठ तिचं काम. चिंगी पाळणाघरात जायला लागली. मावशी एक वाजता घरी यायच्या आणि रिकाम्या घरात बसायच्या.

ते महिने मला जड गेले, त्यांना कसे गेले असतील. चिंगी रांगायला लागली. सुट्टीच्या दिवशी ती सरळ मावशींच्या खुर्चीकडे जायची, त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहायची, आणि मावशी दोन्ही हात वर करायच्या, पोलिसांनी पकडल्यासारखे. चिंगीला तो खेळ वाटायचा. तीही एक हात सोडून वर करायची आणि धपकन खाली बसायची. सगळे हसायचे. सून हसताना खिडकीकडे बघायची. एकदा मुलगा न राहवून म्हणाला, पुरे झालं आता, किती ताणायचं? तर मावशींनीच त्याला गप्प केलं. "तू मध्ये पडू नकोस. तिच्या भावाला डास चावला तेव्हाही त्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलंच असेल," असं त्या त्याला म्हणाल्या. सून स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलं असणार.

चिंगी अकरा महिन्यांची होती. रविवारची सकाळ, मी त्यांची चाळणी परत द्यायला गेले होते आणि चहाला थांबले. मावशी टाकी नंबर सातबद्दल सांगत होत्या. त्या टाकीत चतुरांची पिल्लं यंदा जास्त निघाली होती आणि त्यांना ते कुणालातरी सांगायचंच होतं. सांगता सांगता त्या डावा हात खुर्चीच्या कडेवर घासत होत्या. मी काही लक्ष दिलं नाही. सुनेनं हातातला कप खाली ठेवला.

"आई, खाजतंय का?"

"कालपासून. टाक्यांवर चावल्या दोन-तीन, नुसतं..." मावशी बोलायच्या थांबल्या. आपल्या हाताकडे बघितलं.

सून उठून आली, बाही वर सारली. मनगटाच्या जरा वर तीन लाल गांधी उठल्या होत्या. तिने एकीवर बोट दाबलं.

"चावली तेव्हा कळलं?"

"कळलं म्हणजे काय, मारली की मी. दोन मारल्या. तिसरी निसटली."

सुनेनं वाकून जमिनीवरून चिंगीला उचललं आणि मावशींच्या मांडीवर ठेवलं. चिंगीनं लगेच आजीचा चष्मा ओढला. मावशींना डावा हात कुठे ठेवावा ते क्षणभर कळेना. मग तो त्यांनी तिच्या पाठीमागे घेतला. सून मला म्हणाली, बाई, तुमचा चहा गार झाला, दुसरा करते. आणि स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आली नाही.

पाळणाघरातून चिंगीचं नाव पुढच्याच महिन्यात काढलं. मावशींना निवृत्त व्हायला अजून एक वर्ष आहे. सध्या त्या सकाळी नऊ ते एक टाक्यांवर असतात, आणि दोन वाजता सून छापखान्यात गेली की चिंगी त्यांच्याकडे असते.